गडबची फेरी

संध्याताईचं पत्र मार्गशीर्षात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिलं. सदरा धुवायला टाकताना मी ते काढायचो आणि धुतलेल्या सदऱ्यात ठेवायचो. माघ लागेपर्यंत त्याच्या घड्या फाटायला आल्या होत्या. मजकूर पाठ होता, त्यामुळे काही अडत नव्हतं.

ताई माझी मोठी बहीण, वय सत्त्याहत्तर. तिला ऐकू फार कमी येतं, फोनवर तर काहीच नाही, म्हणून ती अजून पत्रं लिहिते. गेल्या गणपतीनंतर पेणच्या घरात ती पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाल्यावर तिचा मुलगा सुजय तिला इस्पितळातूनच भुवनेश्वरला घेऊन गेला. तिची कुत्री शाडू माझ्याकडे राहिली. मी रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमीत, एकटा राहतो.

पत्रात असं होतं: "चि. विठूस अनेक आशीर्वाद. मी आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते. इथली जमीन फार गुळगुळीत आहे. शाडू कशी आहे? त्या दिवशी मला उचलून नेलं तेव्हा ती कुठे होती? मी स्ट्रेचरवरून मान वळवून बघितलं, दिसली नाही. सुजय म्हणतो, कुत्र्याला विमानाने आणता येतं. तुला जमेल का? जमणार नसेल तर तसं लिही, म्हणजे मी वाट बघणार नाही."

जमेल का, हे मला माहीत नव्हतं. शाडू कुठे होती हे मात्र माहीत होतं, आणि अडचण तीच होती.

ताई पडली त्या दिवशी मी तिच्याकडेच मुक्कामाला होतो. स्ट्रेचर आत येताना शाडू माणसांच्या पायात येत होती. मी तिला उचललं, स्वयंपाकघरात ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. मग रुग्णवाहिकेत बसून पनवेलला गेलो. शेजारी गुणाजीची गणपतीची कार्यशाळा आहे, पण विसर्जनानंतर ती मंडळी गावाला गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात चहा घेताना मला कडी आठवली. घरी पोचून दार उघडलं तेव्हा शाडूच्या तोंडून आवाज निघत नव्हता. पाण्याचं भांडं पालथं होतं. दार खालच्या बाजूला नखांनी सोलवटलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी हिरव्या रंगाचा छोटा डबा आणला आणि दार खालून दोन हात रंगवलं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तेव्हापासून काहीही बंद झालं की शाडू थरथरते. दार, कपाट, पिशवीची चेन. उघड्या कापडी पिशवीत तोंड बाहेर काढून ती एसटीनेसुद्धा येते, पण चेनचा आवाज झाला की पलंगाखाली जाते आणि तासभर बाहेर येत नाही.

सुजयचे निरोप फोनवर यायचे. मामा, घाई नाही. मामा, आई विचारते पोस्टमन आला का. मी "लिहितो" असं उत्तर पाठवायचो. माघात एक दिवस त्याने फोटो पाठवला. खिडकीजवळ फरशीवर चौघडी गोधडी घातलेली होती आणि तिच्याशेजारी पाण्याची वाटी. खाली लिहिलं होतं, आईने शाडूची जागा करून ठेवली आहे.

वाट बघणार नाही म्हणून लिहिणाऱ्या बाईने वाटीत पाणीसुद्धा भरलं होतं. मी शाडूला पिशवीत घातलं आणि पेणला ताईच्या घरी राहायला गेलो.

मी रोह्याच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. मला काही कळेनासं झालं की मी पुस्तक शोधतो. कुत्र्यांवरची दोन पुस्तकं मिळवून मी वहीभर टिपणं काढली होती. त्या पुस्तकांतल्या कुत्र्यांना स्वतःची खोली होती आणि मालकांना स्वतःवर विश्वास होता. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. रेल्वेने न्यावं तर दीड-दोन दिवसांचा प्रवास, आणि पहिल्या वर्गाची स्वतंत्र खोली मिळाली नाही तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवायचं. पेटी हा शब्द वाचून मी वही मिटली होती. विमानातही सामानाबरोबर पोटातच नेत असतील असं मी गृहीत धरलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते.

पेणला मी गुणाजीकडे गेलो ते म्हणून पेटीसाठीच. गुणाजी स्वतः मूर्ती करत नाही, त्या त्याचे कारागीर करतात. त्याचं काम बांधणीचं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पेंढ्यात बसवून लाकडी पेटीत बंद करायच्या. फाल्गुनाच्या सुमाराला त्याच्याकडे उभं राहायला जागा नसते. शाडूला लहानपणी तिथेच मातीच्या ढिगावर ताईने पाहिलं होतं. मातीचाच रंग, म्हणून नाव शाडू. ताईच्या घरापेक्षा तिचा दिवस गुणाजीच्या पेंढ्यातच जास्त जायचा.

मी काय हवं ते अर्धवट सांगितलं. गुणाजीने पुरतं ऐकलंही नाही.

"भाऊ, तीस वरसं झाली. माझ्या हातच्या पेटीतली मूर्ती लंडनला गेली, अमेरिकेला गेली. कान तुटला म्हणून एक फोन नाय आला. ही तर पाच किलोची."

दोन दिवसांत पेटी तयार झाली. चारी बाजूंनी पेंढा ठासून मधे बरोबर शाडूच्या आकाराचा खळगा. झाकणावर बाण आणि "नाजूक" असा छाप. गुणाजीने तिला उचलून खळग्यात बसवलं आणि अभिमानाने म्हणाला की आता ही जरापण हलणार नाय. त्याची बायको सीताबाई पलीकडे मूर्तीचे डोळे रंगवत होती. तिने कुंचला खाली ठेवला.

"अवो, मूर्तीला नाक असतं, श्वास नसतो. हिला काय भुसा भरलेली समजलात काय?"

गुणाजीने डोकं खाजवलं, निम्मा पेंढा काढला आणि फळ्यांना भोकं पाडली. झाकण मात्र लावून बघितलं नाही, कारण मी लावू दिलं नाही.

ती पेटी टेम्पोत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर प्रतीक्षा तरुण आहेत. त्यांनी आधी पेटी पाहिली, मग शाडूला वजनकाट्यावर ठेवलं, मग मला विचारलं की काका, ही पेटी कशासाठी. मी विमानाचं पोट वगैरे सांगितलं. त्यांनी हसू दाबलं हे मला दिसलं. एवढं लहान कुत्रं पोटात कशाला जाईल, म्हणाल्या. सुजय ज्या कंपनीचं तिकीट काढणार होता तिचे नियम त्यांनी तिथेच फोनवर वाचून दाखवले. मऊ पिशवी, पिशवीसकट सात किलोच्या आत, आपल्या पायाशी. लसीचा दाखला आणि निघायच्या आधी तब्येतीचा दाखला त्या देणार होत्या.

मी झोपेच्या औषधाचं विचारलं.

"तिला की तुम्हाला?" त्या म्हणाल्या. मग मात्र गंभीर झाल्या. गुंगीत असलेल्या जनावराला वर श्वासाचा, रक्तदाबाचा त्रास होऊ शकतो, तेव्हा औषध नाहीच. "पण काका, एक सांगा. पिशवी बंद लागते. पूर्ण प्रवासात उघडता येणार नाही. बसेल का ती?"

मी शाडूकडे पाहिलं. गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. बसायला शिकवू, असं काहीतरी मी पुटपुटलो.

परत येताना गुणाजी आरशातून मागच्या पेटीकडे बघत होता. पेटी वाया गेली याचं त्याला वाईट वाटलं होतं. पण कार्यशाळेत पेटी उतरवली तर शाडू आपणहून आत गेली, तीनदा गोल फिरली आणि पेंढ्यात झोपली. रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर बाजूलाच घरघरत होता. तिने कानसुद्धा हलवला नाही. त्या आवाजातच ती वाढलेली.

पिशवीचं मात्र उलटं. मी जाळीची, निळी, चांगली पिशवी आणली, तर ती ज्या खोलीत असेल तिथे शाडू येईना. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मी पिशवीशेजारी बसून शांत आवाजात बोलायचो. कुत्र्याशी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून खिशातलं ताईचं पत्र वाचायचो. शाडू उंबऱ्यापलीकडून ऐकायची. आठ दिवस झाले. तिलाही पत्र पाठ झालं असावं.

एका सकाळी गुणाजी डोकावला. मी जमिनीवर बसून पिशवीला पत्र वाचून दाखवतो आहे हे त्याने पाहिलं आणि तसाच मागे फिरला. थोड्या वेळाने सांगावा आला की पिशवी घेऊन या.

कार्यशाळेत मूर्तीचा साचा सोडवायचं काम चाललं होतं. गुणाजीने मला तिथे उभं केलं. साचा तुकड्यातुकड्यांचा असतो. आतली मूर्ती ओली. साचा एका झटक्यात ओढला तर ती ढासळते, म्हणून एक तुकडा सोडवायचा, थांबायचं, मग दुसरा. मूर्तीला कळताच नाय की साचा गेला, असं गुणाजी म्हणाला.

"शाडू पेटीत बसते ना? मंग पिशवी पेटीत ठेवा. पेटी मी काढतो."

चौतीस वर्षं पुस्तकांत घालवून मला हे सुचलं नव्हतं. आम्ही पेटीतला पेंढा काढला, आत तोंड उघडं ठेवून पिशवी बसवली आणि पेंढा पिशवीत घातला. शाडूने वास घेतला. दुपारी ती आत जाऊन झोपली. पेटीला चौदा फळ्या होत्या. दर दोन दिवसांनी गुणाजी एक फळी काढायचा, तीही शाडू बाहेर असताना, आणि खिळे खिशात टाकायचा. मी पेंढा मूठमूठ कमी करून त्या जागी ताईचं जुनं सुती लुगडं घालत गेलो.

चेनचं काम सीताबाईने घेतलं. तिने जुन्या पिशवीची चेन कापून आपल्या पाटाशेजारी ठेवली होती. डोळा रंगवून झाला की चेन ओढायची आणि सुकटीतली एक वाळकी कोळंबी टाकायची. "ये गो शाडू, खा." पहिले दिवस शाडू कोपऱ्यातून बघायची. मग चेन वाजली की मान वर करायची. शिमग्यापर्यंत सीताबाई चेनला हात लावायला आणि शाडू तिच्या मांडीशी यायला एकच गाठ पडायला लागली. डॉक्टर प्रतीक्षांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की उत्तम, फक्त विमानात सुकट नेऊ नका, नाहीतर तुम्हा दोघांना उतरवतील.

चौदावी फळी निघाली त्या दिवशी जमिनीवर नुसती निळी पिशवी होती आणि आत शाडू घोरत होती. सीताबाईने हळूच चेन लावली. शाडूने डोळे उघडले, सुकटीची वाट पाहिली, जाळीतून ती मिळाली, आणि पुन्हा डोळे मिटले. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

"आता गडबची फेरी," गुणाजी म्हणाला.

ही त्याची पद्धत. नव्या मापाची पेटी परदेशी पाठवण्याआधी तो ती टेम्पोत घालून हमरस्त्याने गडबपर्यंत नेतो, तिथे चहा पितो, परत आणतो आणि उघडून बघतो. त्या रस्त्यावर जी मूर्ती टिकली ती कुठेही टिकेल, असं तो म्हणतो.

मी पुढे बसलो, पिशवी मांडीवर, चेन बंद. पेण सुटेपर्यंत ठीक होतं. मग एका खड्ड्यात टेम्पो आदळला आणि शाडू उठली. आधी कुईकुई, मग नखं जाळीवर. तो आवाज मी दारापलीकडून कधी ऐकला नव्हता, पण तसाच असणार असं मला वाटलं. गडबची दुकानं दिसू लागली होती, पाच मिनिटं राहिली असतील. मी चेन उघडली. शाडू माझ्या गळ्यापर्यंत चढली आणि लुगडं ओलं झालेलं मला मांडीवर कळलं.

गुणाजीने टेम्पो चहाच्या टपरीशी उभा केला. चहा मागवला.

"भाऊ, उघडली कुणासाठी? तिच्यासाठी का तुमच्यासाठी?"

मग मी सांगितलं. कडी, पनवेल, दुसरा दिवस, सगळं. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळे काही वाक्यं मला दोनदा सांगावी लागली, आणि ते फार कठीण गेलं. मी सांगून संपवलं तेव्हा गुणाजीने बशी खाली ठेवली.

"दाराला रंग खालीच दोन हात का, ते मला गावावरनं आलो तेव्हाच कळलं. मी रंगारी माणसांत राहतो, भाऊ. वाट बघत होतो, कवा बोलता ते. ताईंना लिवलंत?"

मी नाही म्हणालो. हे कळल्यावर ती मला शाडूला आणायला सांगेल की नको म्हणेल, तेच मला कळत नव्हतं, असंही म्हणालो. शाडू तिचीच होती, तेव्हा माझं वाक्य किती वेडगळ आहे ते बोलल्यावर लक्षात आलं.

गुणाजीने टेम्पोच्या खणातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. आत थोडी सुकी माती आणि डबीत चिमूटभर रंग होता. प्रत्येक पेटीत तो अशी पुडी ठेवतो, ज्या मूर्तीची पेटी, तिचीच माती, तिचाच रंग. सोबत चिठ्ठी, की कुठे तडा गेला असेल तर ह्याने बुजवून घ्या. मी म्हणालो, तुझी तर तीस वर्षांत एकही मूर्ती तुटली नाही.

"नाय तुटली. पण तुटली तर? उघडणाऱ्याला आपण सांगितलेलं बरं."

त्याच संध्याकाळी मी ताईच्या स्वयंपाकघरात, त्या दारासमोर बसून पत्र लिहिलं. पाच कागद फाडले. पुस्तकी वाक्यं येत होती. सहावा कागद असा झाला:

"तीर्थरूप ताईस सा. न. तू विचारलंस शाडू त्या दिवशी कुठे होती. ती स्वयंपाकघरात होती. मी बाहेरून कडी घातली आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. तिला पाणीसुद्धा नव्हतं. दार खरवडलं होतं, ते मी रंगवून लपवलं. म्हणून तुला उत्तर दिलं नाही. ती त्यानंतर बंद जागेला भिते. गुणाजी, सीताबाई आणि मी तिला पिशवीत बसायला शिकवतो आहोत. ती बसली तरच हे पत्र टाकीन, कारण तुला अर्धं उत्तर द्यायचं नाही."

खाली जागा सोडली आणि पत्र पाकिटात न घालता खिशात ठेवलं, जुन्या पत्राशेजारी.

चार दिवसांनी पुन्हा गडब. या वेळी शाडूला आधी फिरवून आणलं, लुगड्याखाली शोषून घेणारा कागद घातला, आणि पिशवी मांडीवर न घेता पायाशी ठेवली, विमानात ठेवतात तशी. ती त्याच खड्ड्याशी ओरडली. मी चेनला हात लावला नाही. वाकून जाळीशी बोटं धरली आणि पाठ असलेलं ताईचं पत्र म्हणायला लागलो. गुणाजी समोर बघून गाडी चालवत राहिला. "इथली जमीन फार गुळगुळीत आहे" इथपर्यंत आलो तेव्हा आतून नाक जाळीला लागलं. गडबला आम्ही चहा घेतला. चेन पेणला येऊन उघडली.

पुढच्या आठवड्यात नागोठणे. आंबा नदीच्या पुलावर ती एकदा कुरकुरली, तेवढंच. सुजयने तिकिटं काढली, चैत्र वद्य पंचमीची. मी पहिल्यांदाच विमानात बसणार आहे हे त्याला सांगितलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं. त्याने मला खिडकीची जागा घेऊ का विचारलं. मी नको म्हणालो, मग थोड्या वेळाने हो म्हणालो.

शेवटची फेरी रोह्यापर्यंतची. चेन पेणला लावायची आणि रोह्याला पोचेपर्यंत उघडायची नाही असं ठरलं. वाटेत गॅसच्या टँकरमागे अडकलो, ऊन वाढलं, मला घाम फुटला. शाडू दोनदा उठली. एकदा गोल फिरली आणि पुन्हा बसली. नागोठण्यानंतर तिचा आवाजच येईना तेव्हा मी घाबरून वाकलो. ती लुगड्यात नाक खुपसून झोपली होती. गुणाजी म्हणाला की भाऊ, तिला झोपू द्या, तुम्हीपण जरा बसा नीट.

रोह्याच्या पोस्टासमोर त्याने टेम्पो थांबवला. मी पिशवी पोस्टाबाहेरच्या बाकावर ठेवली, खिशातून पत्र काढलं आणि सोडलेल्या जागेत लिहिलं: "ती पेणहून रोह्यापर्यंत बंद पिशवीत आली. वाटेत झोपली. आम्ही दोघं पंचमीला येतो. गोधडी राहू दे." सही केली. गुणाजीने दिलेली पुडी पाकिटात मावत नव्हती, ती मी परत खिशात ठेवली. ती मी हातानेच देईन. ताईचा पत्ता लिहिताना घर क्रमांक चुकला असेल अशी शंका आली. जुन्या पत्राशी ताडून पाहिला. बरोबर होता.

पाकीट लाल पेटीच्या फटीत सरकवलं आणि सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. गेलं होतं.

मागे वळलो तर शाडू जागी होती. जाळीतून माझ्याकडे बघत होती, आणि चेन अजून बंदच होती.